त्रेपन्न दिवसांचं वर्ष

माझ्या मावशीला इस्पितळात सगळे पट्टीबाई म्हणायचे. चौतीस वर्षं ती ईसीजी काढत होती. पेशंटच्या छातीवर थंडगार जेल लावायचं, सहा रबरी फुगे चिकटवायचे, हातापायांना चिमटे लावायचे आणि मशीनमधून गुलाबी चौकड्यांची कागदी पट्टी सरसर बाहेर आली की फाडून डॉक्टरांकडे द्यायची. नव्या पेशंटांचा या नावामुळे हमखास घोटाळा व्हायचा. कोणी कापलेलं बोट पुढे करायचं, कोणी फुटलेला गुडघा. मावशी म्हणायची, "माझी पट्टी जखमेवर बांधत नाहीत. माझ्या पट्टीत जखम दिसते."

तिची खोली तळघरात होती. खिडकी नाही, एक पडदा, एक पलंग, एक स्टूल. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले की ती मला कधीतरी तिथे घेऊन जायची. मला फक्त रेघांचं जंगल दिसायचं. ती मात्र पट्टी बोटांतून सरकवत जायची आणि मधेच अंगठा दाबून थांबायची. "हे हृदयाचं नाही, हे चिमट्याचं. सैल बसलाय." किंवा नुसतंच "हं" करून, पेशंटला काही कळू न देता, स्वतः पट्टी घेऊन जिना चढायची. ती स्वतः वर आली म्हणजे काहीतरी आहे, हे डॉक्टरांना ठाऊक झालं होतं.

तिने लग्न केलं नाही. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझी आजी अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं मावशीनेच केलं. आजी गेली, आणि दोन वर्षांनी मावशीची नोकरी संपली. दोन्ही वेळा लोक तिला एकच वाक्य म्हणाले, "आता जरा आराम कर."

मग तिने आराम केला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. माझी आई आधीच गेलेली, मी दुसऱ्या शहरात, नोकरी आणि दोन मुलं. दर रविवारी सकाळी अकरा वाजता मी तिला फोन करायची. फोन उचलल्यावर तिचा आवाज बसलेला असायचा, दोन-तीनदा खाकरल्यावर मोकळा व्हायचा. मी म्हणायची, "सर्दी झालीय का गं?" ती म्हणायची, "छे." खूप उशिरा माझ्या लक्षात आलं, की शुक्रवार किंवा शनिवारनंतर ती तेव्हा पहिल्यांदाच तोंड उघडत असायची.

तिला काहीतरी विरंगुळा हवा, म्हणून मी आमच्या ऑफिसातून मोडीत निघालेला एक लॅपटॉप घेऊन गेले. खरं सांगायचं तर तिला विरंगुळा मिळाला की मलाच जरा हलकं वाटेल, हा हिशेब होता. पेपरात मी कुठेतरी वाचलं होतं की दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायला शास्त्रज्ञ सामान्य लोकांची मदत घेतात. अवकाशात फिरणारी एक दुर्बीण हजारो ताऱ्यांचा प्रकाश मोजते. ग्रह आपल्या ताऱ्याच्या समोरून गेला की प्रकाश किंचित कमी होतो, शंभरातला एखादा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. आलेखात तेवढीच एक खाच पडते. ग्रह कोणालाच दिसत नाही, दिसते ती खाच. ठरावीक दिवसांनी परत परत येणारी खाच संगणक शोधून काढतो. पण एकदाच आलेली खाच तो कचरा म्हणून सोडून देतो, आणि तिथे माणसाचे डोळे लागतात.

मी लॅपटॉप उघडून पहिला आलेख तिच्यासमोर ठेवला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची डावीकडून उजवीकडे जाणारी रेघ. मावशीने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली.

"हलतोय हा," ती म्हणाली.

"कोण?"

"पेशंट."

तिचं टोपणनाव मी तिथे 'पट्टी' असंच लिहून दिलं.

तेव्हा माहीत असलेल्या ग्रहांचा आकडा चार हजारांच्या आसपास होता. त्या संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर तो असायचा. मावशी रविवारच्या फोनवर मला तो सांगायला लागली. "या आठवड्यात अकरा वाढले." मी "हो का?" म्हणायची आणि दुसऱ्या हाताने मुलांच्या कपड्यांच्या घड्या घालायची.

रोज सकाळी स्वयंपाक उरकून ती बसायची, ते दुपारी डोळे चुरचुरायला लागेपर्यंत. गंमत म्हणजे तिच्या एकाही खिडकीतून आकाश दिसत नव्हतं, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. आकाश बघायची तिला हौसही नव्हती. "मला काय करायचंय आकाश बघून? मी डॉक्टर आहे का? मी पट्टी बघते." लोकांना ग्रह सापडल्यासारखं वाटायचं, तिथे ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत शांतपणे लिहायची, "हे ताऱ्याचं नाही. दुर्बीण हलली आहे. त्याच तासाच्या बाकीच्या पट्ट्या बघा." आणि बघितल्या की खरंच सगळ्यांवर तोच झटका असायचा.

तिथेच तिला मास्तर भेटले. तेही आपल्याच भाषेतले निघाले, बसने पाच तासांवरच्या एका गावात राहणारे, निवृत्त गणितशिक्षक. त्यांनी टोपणनाव घेतलं होतं 'भागाकार'. मावशीच्या एका शेऱ्याखाली त्यांनी लिहिलं, "तुम्हाला हे कसं कळलं? मी तीन दिवस डोकं फोडतोय." तिने उत्तर दिलं, "चौतीस वर्षं सैल चिमटे घट्ट केले आहेत."

त्या दिवसापासून दोघांचं रोजचं लिहिणं सुरू झालं. नंतर तिने मला ते सगळं वाचू दिलं. त्यात लपवण्यासारखं अक्षरशः काही नाही. अमक्या ताऱ्याची खाच खरी की खोटी, तुमचा चष्म्याचा नंबर काय, आज पाणी आलं नाही. एकदा मावशीने विचारलं होतं, की ग्रहांच्या नावापुढे 'बी' पासूनच अक्षरं का सुरू होतात, 'ए' कुठे गेला? मास्तरांनी लिहिलं, "'ए' म्हणजे तारा स्वतः. वर्गात मास्तर पण एक धरतातच ना!" दोघांनी एकमेकांचं खरं नाव बऱ्याच महिन्यांनी विचारलं. फोन नंबर तर कधीच नाही.

पहिल्या वर्षाच्या शेवटी मास्तरांना एका ताऱ्याच्या आलेखात एक खाच सापडली. उथळ, पण कडा स्वच्छ. साडेसहा तास टिकलेली. एकच. त्यांनी ती मावशीकडे पाठवली, "चिमटा की हृदय?"

मावशीने त्या तासाच्या शेजारपाजारच्या ताऱ्यांच्या सगळ्या पट्ट्या बघितल्या. दोन दिवस घेतले. मग लिहिलं, "हृदय."

पण एका खाचेला कोण विचारतं? दुर्बीण आकाशाच्या एका तुकड्याकडे महिनाभर बघायची, मग पुढे सरकायची. त्या तुकड्याकडे ती परत वळली दोन वर्षांनी. मधल्या काळात तो तारा जणू कोणी बघतच नव्हतं, म्हणजे मास्तर आणि मावशी सोडून कोणी त्याची आठवणही काढत नव्हतं. मास्तर मधूनमधून लिहायचे, "आपल्या पेशंटला डिस्चार्ज तर नाही ना दिला?" ती लिहायची, "केसपेपर माझ्याकडे आहे."

दुसरी खाच मावशीला दिसली, एका मंगळवारी सकाळी. तशीच उथळ, तशाच कडा, तितकेच तास. पहिल्या खाचेपासून सातशे बेचाळीस दिवसांनी. तिने मला फोन केला. रविवार नसताना तिने केलेला तो पहिला फोन. मी मीटिंगमध्ये होते, घाबरून बाहेर आले.

"काय झालं? पडलीस का?"

"नाही गं. दुसरी आली."

"कोण दुसरी?"

ती म्हणाली, "काही नाही. रविवारी सांगते."

रविवारी तिने सांगितलं आणि मी "अरे वा!" म्हणाले. मोठ्याने म्हणाले, मला आठवतंय. मोठ्याने म्हटलं की मनापासून वाटतं, असं वाटून.

आता प्रश्न असा, की सातशे बेचाळीस दिवसांत तो ग्रह ताऱ्याभोवती एकदा फिरला, की दोनदा, की वीसदा? मधल्या फेऱ्या तर कोणी पाहिलेल्याच नाहीत. हे मास्तरांचं काम होतं. त्यांनी पेन्सिलीने तक्ता मांडला: सातशे बेचाळीसला एकाने भागा, दोनाने, तिनाने; प्रत्येक उत्तरापुढे पुढची खाच कोणत्या तारखेला दिसायला हवी, ते. ज्या शक्यता आधीच बाद होतात, त्या खोडून. तो मूळ कागद त्यांनी तिचा पत्ता मागून टपालाने पाठवला, कारण फोटोत पेन्सिल उठत नव्हती. एका ओळीखाली दोन रेघा होत्या. भागिले चौदा, त्रेपन्न दिवस. बाजूला लिहिलं होतं, "वर्ष जितकं मोठं, खाच तितकी लांब. साडेसहा तासांची खाच बघता माझं मत याला." मावशीने तो तक्ता शास्त्रज्ञांच्या चमूला कळवला.

त्यानंतर मास्तरांची पत्रं बदलली. पहिल्यांदा ती आखूड झाली. मग एकच प्रश्न एका आठवड्यात तीनदा आला. मग एक दिवस, "पट्टीबाई, तो कोणता तारा म्हणत होता तुम्ही?" मावशीने नंबर लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिने पुन्हा नंबर लिहिला. त्यानंतर काहीच आलं नाही.

ती रोज सकाळी आधी निरोपांचा कप्पा उघडायची, मग कामाला लागायची. मला तिने एवढंच सांगितलं, "मास्तर हल्ली गैरहजर असतात."

वर्षभराने शास्त्रज्ञांचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, ते तिने मला पाठवलं आणि मी फोनवर वाचून दाखवलं. जमिनीवरच्या एका मोठ्या दुर्बिणीने त्यांनी तक्त्यातल्या काही तारखांना त्या ताऱ्यावर नजर ठेवली होती. त्रेपन्न दिवसांच्या हिशेबाने जी तारीख येत होती, त्या तारखेला खाच आली. पुढच्या त्रेपन्न दिवसांनी परत आली. इतर तपासण्याही झाल्या. ग्रह खरा आहे, पृथ्वीपेक्षा बराच मोठा, आणि त्याचं वर्ष आपल्या दोन महिन्यांपेक्षाही छोटं. लेखात मदत करणाऱ्यांची नावं छापायची आहेत, तर आपलं नाव कसं लिहायचं?

"मास्तरांचं आधी लिहायला सांग," मावशी म्हणाली.

"आडनावाच्या अक्षरांप्रमाणे छापतात गं ते."

"तरी सांग."

लेख छापून आला. अक्षरांप्रमाणेच होती नावं, एक्केचाळीस, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या टाइपात. मावशीने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून दोन प्रती काढल्या. दुकानदाराने विचारलं, "नातवाचा प्रोजेक्ट का?" ती "हो" म्हणाली. मी विचारलं, असं का सांगितलंस? म्हणाली, "मागे चार माणसं उभी होती."

मग ती म्हणाली, की टपालाच्या पाकिटावर मास्तरांचा पत्ता आहे आणि ती स्वतः प्रत द्यायला जाणार आहे. मी म्हणाले, "एकटी नको जाऊस. पुढच्या महिन्यात मी येते, दोघी जाऊ."

"तुझा पुढचा महिना मला माहीत आहे," ती म्हणाली. रागावून नाही. बसची वेळ सांगावी तसं.

ती गेली. पाच तासांचा प्रवास, मांडीवर पिशवी, पिशवीत लेख. दार मास्तरांच्या सुनेने उघडलं. मावशीने सांगितलं, मी पट्टीबाई. सुनेला काही कळेना. मग मावशीने लॅपटॉप, तारे, खाचा असं सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अच्छा, ते होय! बाबा दिवसभर काय करायचे ते आम्हाला कधी कळलंच नाही. आता लॅपटॉप काढून ठेवलाय. ते चिडायचे, कसा उघडायचा ते आठवायचं नाही." आणि हळू आवाजात, "ते तुम्हाला ओळखतील असं नाही हं."

"त्यांनी मला पाहिलेलंच नाही, ओळखतील कुठून?" मावशी म्हणाली.

मास्तर गॅलरीत खुर्चीवर बसले होते. दाढी केलेली, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. मावशीला बघून ते उठायला लागले. "या, या. पालक ना तुम्ही? कुठल्या तुकडीत मुलगा?"

मावशीने लेख त्यांच्या हातात दिला. शेवटचं पान उघडून नावावर बोट ठेवलं. त्यांनी ते वाचलं, कागद नीट घडी करून परत दिला आणि म्हणाले, "छान आहे. प्रगती आहे."

सून आत चहा टाकायला गेली होती. मावशी स्टुलावर बसून राहिली. इस्पितळात अशा वेळी ती चिमटे पुसत बसायची. इथे पुसायलाही काही नव्हतं. मग ती सहज, उगाच, म्हणाली, "सातशे बेचाळीस."

मास्तरांनी मान वर केली.

"भागिले चौदा," ती म्हणाली.

"त्रेपन्न," मास्तर म्हणाले. लगेच. मग बोटं खुर्चीच्या हातावर आपटत पडताळा केला, "त्रेपन्न दाहे पाचशे तीस, त्रेपन्न चोक दोनशे बारा. सातशे बेचाळीस. बाकी शून्य." आणि तिच्याकडे रोखून बघत, "कोणी विचारलं होतं हे? मला हे कोणीतरी विचारलं होतं."

"मी विचारलं होतं, मास्तर."

"उत्तर बरोबर आलं का?"

"आलं. त्यांनी मोजून बघितलं. बरोबर आलं."

"मग झालं तर," मास्तर म्हणाले, आणि इतके खूश झाले की चहा येईपर्यंत त्यांनी तिला आणखी सहा भागाकार विचारायला लावले. सहाही बरोबर. निघताना मात्र त्यांनी पुन्हा विचारलं, मुलगा कुठल्या तुकडीत. मावशीने सांगितलं, "अ."

सुनेने तिचा फोन नंबर घेतला. त्यानंतर महिन्यातून एकदा-दोनदा ती मास्तरांच्या हातात फोन द्यायची आणि मावशी त्यांना भागाकार घालायची. आठ महिने हे चाललं. शेवटी शेवटी दोन आकडी संख्यासुद्धा त्यांना जड जायला लागल्या, मग ती दहाने भाग जाणाऱ्या संख्या घालायची. एका दुपारी सुनेचा फोन आला, तेव्हा तिने तो मास्तरांच्या हातात दिला नाही. अंत्यविधी सकाळीच उरकला होता. मावशीला तसं कळवण्यासारखं तिचं नातं तरी काय होतं?

त्या रविवारी तिने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज खाकरूनही मोकळा झाला नाही. मी विचारलं, "येऊ का मी?" ती म्हणाली, "कशाला? मुलांच्या परीक्षा असतील." परीक्षा होत्या. मी गेले नाही.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. मावशीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. ग्रहांचा आकडा सहा हजारांच्या पुढे गेला, तेव्हा पेपरात बातमी होती. मी तिला फोटो पाठवला. तिने उत्तर दिलं, "दोन दिवस झाले त्याला."

या वर्षी मी पहिल्यांदा मुलांना घरी ठेवून तिच्याकडे चार दिवस राहायला गेले. तिच्या घरात दुसरी खुर्ची नव्हती. मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, शिकव मला. तिने एकामागोमाग एक दहा आलेख दाखवले. मी सात चुकवले. जिथे मला ग्रह दिसला तिथे दुर्बीण हलली होती, आणि जिथे खरी खाच होती ती मी पाहिलीच नाही. ती हसली. बरीच हसली, चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाली, "तुझी आई पण अशीच होती, घाईची."

मग मी विचारलं, "तुला इथे एकटीला..." माझ्याकडे चल, असं म्हणायचं होतं. आमच्या घरात तिसरी खोली नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तिने पुढचा आलेख उघडला. "हा बघ," ती म्हणाली. "यात काही नाही. तरी शेवटपर्यंत बघायचं."

आम्ही शेवटपर्यंत बघितलं. खरंच काही नव्हतं.

चौथ्या दिवशी ती मला बसपर्यंत सोडायला आली. जिन्यात तिचा तोल जाऊ नये म्हणून मी तिचा दंड धरला, तर ती इतकी दचकली की मी हात काढून घेतला. मग दोन पायऱ्या उतरल्यावर तिनेच माझा हात शोधला आणि तळमजल्यापर्यंत धरून ठेवला. स्टॉपवर मी सांगितलं, रविवारी फोन करते. ती म्हणाली, कर. बस सुटली तेव्हा बुधवारचे अकरा वाजले होते, आणि मी मागच्या काचेतून बघितलं तर ती घराकडे न वळता अजून तिथेच उभी होती.